पिठाचे पोते आणि आपली कविता

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला मी उर्दू निबंधासाठी विषय दिला होता, ‘फलस्तीन के बच्चे’. चौतीस वह्या जमा झाल्या. त्यांतल्या तेहतीस वह्यांत जवळजवळ एकच निबंध होता. खून, शहादत, जालिम, मस्जिद-ए-अक्सा, आसमान, दुआ. भाषा चांगली होती. काही वाक्ये तर मुशायऱ्यात दाद घेतील अशी होती. एका मुलीने मात्र जेमतेम दीड पान लिहिले होते. तिला प्रश्न पडला होता की, गाझातली शाळा बंद झाल्यावर तिथल्या मुलांना दुपारची खिचडी कोठून मिळत असेल? आणि रांग लांब असेल, पातेले मध्येच रिकामे झाले, तर मागची मुले काय करत असतील? मी तिला दहापैकी पाच गुण दिले आणि खाली लाल शाईने शेरा लिहिला, ‘मौजू से हट गई हो.’

हा शेरा चुकीचा होता, हे मला नंतर एका लेखकाने शिकवले. तो लेखकही एकेकाळी शाळामास्तर होता. त्याच्याविषयी लिहिताना मला आपल्या, म्हणजे मराठी-उर्दू लिहिणाऱ्या मुसलमानांच्या साहित्याविषयीही काही बोलायचे आहे. ते थोडे कडू वाटेल. पण ज्या सदोष कवितेविषयी मी बोलणार आहे, तशी कविता मी स्वतःही लिहिली आहे, छापूनही आणली आहे. त्यामुळे हे आरोपपत्र कोणा एकावर नाही.

पॅलेस्टाईनवरची आपली कविता आठवून पाहा. वार्षिकांत, विशेषांकांत, मुशायऱ्यांत गेली कित्येक वर्षे ती येते आहे. तिच्यातला दर्द खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्यातला माणूस कसा आहे? तो एक तर मरतो, नाही तर दगड उचलतो. त्याला थंडी वाजत नाही. त्याच्या तंबूत पावसाचे पाणी शिरत नाही. त्याच्या बायकोला आडोसा लागत नाही. त्याच्या मुलाला जुलाब होत नाहीत. रेशनच्या यादीतून त्याचे नाव गळत नाही. म्हणजे जो माणूस मरेपर्यंत पंचवीस-तीस वर्षे छावणीत जगतो, त्याचे ते सगळे जगणे आपल्या कवितेला दिसत नाही. दिसतो तो फक्त त्याचा शेवटचा क्षण. आपल्याला रडायला तोच क्षण सोयीचा असतो.

घस्सान कनफानी या पॅलेस्टिनी कथाकाराने नेमके हे न दिसणारे जगणे लिहिले. मला अरबी येते ती कुराण वाचण्यापुरती, त्यामुळे मी त्याला तरजुम्यांतून वाचला. कनफानीचा जन्म १९३६ मध्ये अक्का शहरातला. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी माणसे घरादाराला मुकली. त्यांत बारा वर्षांचा कनफानी आणि त्याचे कुटुंबही होते. आधी लेबनॉन, मग दमास्कस. १९५२ मध्ये त्याला शिक्षकाचे प्रमाणपत्र मिळाले आणि कोवळ्या वयातच तो निर्वासितांच्या शाळेत शिकवू लागला.

ही शाळा कोणाची होती, हे समजून घेतले पाहिजे. ८ डिसेंबर १९४९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक ३०२ मंजूर करून पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी एक वेगळी संस्था काढली. ‘अनरवा’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. १ मे १९५० पासून तिचे काम सुरू झाले, तेव्हा सुमारे साडेसात लाख माणसांची जबाबदारी तिच्यावर होती. आज तिच्या नोंदवहीत सुमारे ५९ लाख नावे आहेत. पीठ, औषध, शाळा, तंबू आणि पुढे पक्क्या खोल्या, हे सारे या संस्थेकडून येत गेले. तिचा बहुतेक खर्च मात्र निरनिराळ्या देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो. म्हणजे छावणीतल्या मुलाची पाटी आणि भाकरी दूरच्या कोणत्या तरी राजधानीच्या मर्जीवर अवलंबून.

कनफानीच्या शिक्षकी दिवसांतली एक आठवण सांगितली जाते. त्याला चित्रकला शिकवायची होती. अभ्यासक्रमाप्रमाणे त्याने फळ्यावर सफरचंद आणि केळे काढले आणि मुलांकडे वळून पाहिले. त्या चेहऱ्यांचा आणि फळ्यावरच्या फळांचा काही संबंधच नाही, हे त्याच्या लक्षात आले. त्याने फळा पुसला आणि मुलांना छावणीचे चित्र काढायला सांगितले. बी.एड.च्या वर्गात आम्ही ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र पाठ केले होते. त्याचा अर्थ मला या आठवणीत जसा कळला तसा कोणत्याही पाठ टाचणात कळला नव्हता. या मुलांना त्यांची स्थिती समजावी म्हणूनच तो कथा लिहू लागला. त्याच्या कथांचे मूळ असे वर्गात आहे.

‘चोरलेला सदरा’ ही त्याची १९५८ ची कथा पाहू. पावसाळी रात्र आहे. अबू अल-अब्द तंबूभोवती चर खणतो आहे, पाणी आत शिरू नये म्हणून. आत बायको आहे आणि मुलगा आहे. मुलगा थंडीने कुडकुडतो आहे, त्याच्या अंगावर धड सदरा नाही. बापाला काम नाही. अशा वेळी अबू समीर नावाचा ओळखीचा माणूस येतो आणि एक धंदा सुचवतो. मदतसंस्थेच्या गोदामातून रात्री पिठाची पोती काढायची, विकायची. गोदामावरचा अमेरिकन साहेब सामील आहेच. मग वाटप दहा दिवस पुढे ढकलले जाईल, एवढेच. अबू अल-अब्दच्या डोळ्यांपुढे मुलाचा नवा सदरा येतो. त्याच वेळी महिनाअखेरीस पिशव्या घेऊन गोदामाबाहेर उभी असणारी, ‘आज पीठ नाही’ हे ऐकून परतणारी माणसेही येतात. कथेच्या शेवटी तो हातातले फावडे अबू समीरच्या डोक्यात घालतो. नंतर तंबूत येऊन मुलाला छातीशी धरतो आणि रडू लागतो. सदरा त्याला अजूनही हवाच असतो.

या कथेत घर कोणी हिसकावले याची चर्चा नाही. शत्रू प्रत्यक्ष येतच नाही. येतात ते गोदाम, यादी, वाटपाची तारीख आणि त्या तारखेवर जगणारी माणसे. मदत म्हणजे चांगली माणसे वाईट दिवसांत काही तरी देतात, असे आपण समजतो. कनफानी दाखवतो की मदत ही एक यंत्रणा आहे. तिला कुलपे आहेत, कुलपांच्या किल्ल्या आहेत आणि किल्ल्यांना भाव आहे. छावणीतलाच माणूस छावणीतल्या माणसाच्या तोंडचा घास विकतो, हे लिहायला धैर्य लागते. आपल्यातल्या किती जणांनी ते लिहिले असते? पीडितांची बदनामी होईल म्हणून आपण अबू समीरला कथेतून वगळला असता. त्याला वगळला की अबू अल-अब्दचाही मोठेपणा जातो, कारण मोहच नसेल तर नकार कशाला द्यायचा?

कथेत दोष नाहीत असे नाही. अमेरिकन साहेब ठोकळेबाज आहे. शेवटही मला पूर्ण पटत नाही. एका माणसाच्या डोक्यात फावडे घातले म्हणून गोदामाचा कारभार सुधारत नाही. उद्या दुसरा अबू समीर येईल. पण कथेचे शेवटचे दृश्य त्या हाणामारीचे नाही, ते उघड्या अंगाच्या मुलाचे आहे. त्यामुळे लेखकाला हे ठाऊक असावे, असे वाटते.

दुसरी कथा ‘सणाची भेट’. ही १९६८ ची, म्हणजे १९६७ च्या युद्धाने आणखी लाखो माणसे उखडली गेल्यानंतरची. निर्वासित मुलांना सणानिमित्त खेळणी वाटावीत, अशी एक सद्भावनेची कल्पना निवेदकाच्या कानावर घातली जाते. ती ऐकताना त्याला आपले बालपण आठवते. पहिल्या हिवाळ्यात रेडक्रॉसने मुलांसाठी भेटी आणल्या होत्या. आखूड चड्डी, सुती सदरा, मोज्यांशिवाय उघडे जोडे. गोठलेल्या बोटांनी तो शेकडो मुलांच्या रांगेत उभा राहिला. परीटघडीच्या स्वच्छ कपड्यांतल्या परिचारिकेने त्याला एक लाल खोका दिला. खोक्यात खेळणी होती की नाही, हे एकोणीस वर्षांनी त्याला आठवत नाही. आठवतो फक्त मसुराच्या सूपचा एक डबा, कारण तोच खाण्याजोगा होता. तो डबा त्याने आठवडाभर जपला आणि त्यातले थोडे थोडे आईला शिजवायला दिले.

देणाऱ्याच्या मनात खेळणे आहे आणि घेणाऱ्याच्या आठवणीत मसूर आहे. मदतीच्या प्रश्नावर मोठमोठे अहवाल लिहिले जातात, पण हा फरक कनफानीने एका डब्यात सांगितला. त्याने देणाऱ्यांची टिंगल केलेली नाही, हे विशेष. परिचारिका वाईट नाही. ती फक्त स्वच्छ आहे, इस्त्री केलेली आहे, रांगेच्या दुसऱ्या बाजूला आहे.

इथे एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी मी शाळेत खिचडी वाटपावर देखरेख करत होते. एक मुलगा ताटातली अर्धी खिचडी गुपचूप प्लॅस्टिकच्या डब्यात भरताना दिसला. मी त्याला सगळ्यांसमोर उभे केले. ‘टीचर, छोटी बहन के लिए,’ एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा कधी डबा आणला नाही. सूपच्या डब्याची कथा वाचली तेव्हा मला तो मुलगा आठवला. मला वाटत होते की मी शिस्त लावते आहे. त्या दिवशी मीही रांगेच्या पलीकडे, इस्त्रीच्या कपड्यांत उभी होते.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. मूळ प्रश्न जमिनीचा, परतण्याच्या हक्काचा आहे. तुम्ही पिठावर आणि सदऱ्यावर बोलू लागलात की राजकारण बाजूला पडते. निर्वासिताला भिकारी करून त्याचा हक्क विसरायला लावणे, हाच तर जगाचा डाव आहे. आक्षेपात तथ्य आहे. ११ डिसेंबर १९४८ च्या ठराव क्रमांक १९४ मध्ये, ज्यांना घरी परतून शेजाऱ्यांशी शांततेने राहायचे आहे त्यांना तसे करू द्यावे, असे म्हटले होते. ते झाले नाही. वर्षभराने मदतसंस्था काढणारा ठराव आला. त्यात आधीच्या ठरावाला बाधा येणार नाही असे नमूद आहे, पण हक्क कागदावर राहिला आणि हातात आले रेशन कार्ड. १९५१ चा निर्वासितविषयक करार झाला, तेव्हाही संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या संस्थेकडून मदत घेणाऱ्यांना त्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. पीठ मिळणे हेच जणू संरक्षण न मिळण्याचे कारण ठरले.

पण म्हणून पिठावर लिहू नये काय? कनफानी काही अराजकीय लेखक नव्हता. तो पॉप्युलर फ्रंट या संघटनेचा प्रवक्ता होता, तिच्या साप्ताहिकाचा संपादक होता आणि ८ जुलै १९७२ रोजी बैरूतमध्ये मोटारीतल्या बॉम्बस्फोटात भाचीसह मारला गेला. त्याच्या राजकारणाशी कोणी सहमत असो वा नसो, एवढे मान्य करावे लागेल की राजकारणासाठी त्याने पीठ सोडले नाही. उलट पिठाच्या रांगेतच त्याला राजकारण दिसले. जिथे त्याने ती रांग सोडली तिथे त्याची कलाही थोडी सैल झाली, असे माझे मत आहे. १९६९ च्या ‘उम्म साद’मध्ये छावणीतली एक कष्टकरी आई आहे. तिचे हात, चिखल, थकवा हे सारे जिवंत आहे. पण पुढे पुढे ती आई न राहता प्रतीक होत जाते आणि प्रतीकाला भूक लागत नाही. आपल्या कवींनी कनफानीकडून नेमके हे प्रतीक उचलले आणि सूपचा डबा मागेच ठेवला.

कोणी म्हणेल, हा अरबांचा अनुभव, आपल्या भाषेत असे लेखन कोठून येणार? आले आहे, आणि तेही उर्दूत. बेगम अनीस किदवई यांचे ‘आज़ादी की छाँव में’ हे आत्मकथन आपण किती जणांनी वाचले आहे? ऑक्टोबर १९४७ मध्ये मसुरीत त्यांचे पती शफी अहमद किदवई यांची हत्या झाली. त्या दिल्लीत गांधीजींकडे गेल्या आणि त्यांच्या सांगण्यावरून छावण्यांत कामाला लागल्या. पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा येथे तेव्हा दिल्लीतले आणि अलवर-भरतपूरकडचे बेघर मुसलमान गोळा झाले होते. ज्यांच्या स्मारकांपुढे आपण शाळेची सहल उभी करून फोटो काढतो, त्यांच्याच आवारात माणसे ताडपत्रीखाली राहत होती. त्या दिवसांच्या या आठवणी पुस्तकरूपाने आल्या त्या थेट १९७४ मध्ये.

कनफानी रांगेत उभा राहिलेला मुलगा होता, अनीस किदवई वाटप करणाऱ्यांच्या बाजूला होत्या. पण त्या स्वतःही त्याच आगीत होरपळलेल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या लेखणीत उपकाराचा सूर येत नाही. त्या आपल्या कौमला पाठीशी घालत नाहीत, सरकारला सोडत नाहीत आणि दुसऱ्या बाजूच्या माणुसकीची नोंद करायला विसरत नाहीत. पळवून नेलेल्या स्त्रियांना शोधून परत आणण्याच्या कामातही त्या होत्या. हे पुण्याचे काम म्हणून त्या थांबत नाहीत. काही स्त्रियांना परत जायचे नव्हते. १९४९ च्या कायद्याने त्यांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिला नव्हता. मदत करणाऱ्यांनीच जबरदस्तीने त्यांना दुसऱ्यांदा उखडले. आपल्या कामावर असा प्रश्न उभा करणारी समाजसेविका आणि अबू समीरला कथेत आणणारा कनफानी, ही मला एकाच जातीची माणसे वाटतात. दोघांचाही विस्थापितांवर इतका विश्वास आहे की त्यांच्याविषयी खरे बोलायला ते घाबरत नाहीत.

आता आपल्या काळाकडे येऊ. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात गाझातल्या दहापैकी नऊ माणसांना घर सोडावे लागले, अनेकांना पुन्हा पुन्हा. त्यांतले बहुसंख्य आधीच १९४८ च्या निर्वासितांचे वंशज. ‘अनरवा’च्या शाळा निवारे झाल्या, वर्गांत कुटुंबे राहू लागली. जानेवारी २०२४ मध्ये संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांवर हल्ल्यात भाग घेतल्याचा आरोप इस्रायलने केला आणि अनेक देशांनी तिची देणगी थांबवली; बहुतेकांनी ती पुढे पुन्हा सुरू केली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी गाझा शहरात पिठाच्या ट्रकची वाट पाहणारी शंभराहून अधिक माणसे मारली गेली. या युद्धात संस्थेचे तीनशेहून अधिक कर्मचारी ठार झाले. त्यांत शिक्षक होते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी अन्नसुरक्षेची मोजणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ जाहीर केला. आपण मराठवाड्यात, विदर्भात दुष्काळ पाहिला आहे. हा दुष्काळ पाऊस न पडल्याने आला नव्हता. पीठ सीमेवर होते आणि माणसे आत होती.

म्हणजे कनफानीने १९५८ मध्ये दाखवलेले गोदाम नाहीसे झाले नाही, त्याचे कुलूप मोठे झाले. आणि आपण? आपण त्या काळातही लिहीत होतो, ‘लहू’ आणि ‘सहर’ यांचे काफिये जुळवत होतो. रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांतून मदतीच्या पेट्याही फिरतात. आपल्याकडे जकातीच्या आठ हकदारांत वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे आणि त्याला दिलेले हे त्याचा हक्क म्हणून द्यायचे असते, मेहरबानी म्हणून नाही. ही दृष्टी आपल्या धर्मव्यवहारात आहे, पण ती आपल्या साहित्यात का उतरत नाही? आपल्या कवितेत आपण त्याला आपले अश्रू देतो आणि त्या अश्रूंची पावती मात्र दाद म्हणून आपणच घेतो.

आपल्या लेखकांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. पॅलेस्टाईनवर लिहू नका असे मी म्हणत नाही. जरूर लिहा. पण लिहिण्यापूर्वी त्या माणसाचा एक साधा दिवस डोळ्यांपुढे आणा. पाणी कोठून आणले, रांग किती होती, कार्डावर किती नावे, म्हातारीला शौचाला कोठे नेले, मुलीचे शिक्षण कोणत्या इयत्तेत थांबले. हे जमले तर तो माणूस आपल्या कवितेत प्रथमच जिवंत दिसेल. आणि जो जिवंत दिसतो त्याचाच हक्क वाचकाला आठवतो. मेलेल्यासाठी वाचक फक्त फातिहा पढतो.

ती मुलगी आता आठवीत आहे. मी तिला ती वही पुन्हा मागितली. गुण बदलता येत नाहीत, निकाल केव्हाच लागला. पण लाल शाईचा शेरा मी खोडला आणि खाली लिहिले की या निबंधाच्या पुढचा भाग लिहून दे, पातेले रिकामे झाल्यावर मागची मुले कोठे गेली ते सांग. तिने अजून लिहून दिलेला नाही. विचारले तर म्हणाली, ‘टीचर, सोच रही हूँ.’ मी म्हटले, सावकाश लिही.